आईने आणलेला हार

माझ्या चित्रांना आजवर कुणी घाबरलं नव्हतं. राजवाडा, नदीचा घाट, देवळांची शिखरं. ऑफिसात सोफ्याच्या वर टांगायला सोयीचे सोज्वळ जलरंग. बाबा गेले त्या वर्षी मात्र राजेंद्र नगरच्या आमच्या गच्चीवरच्या शेडमध्ये मी भिंतभर कॅनव्हास ताणला आणि त्यांची शेवटची घटका रंगवली. लाल-काळा चेहरा, माणूस आत उभा राहील एवढं उघडं तोंड, डोळे भलतीकडेच. रंग हातांनी थापला. प्रदर्शनात ते लागलं आणि इतकी वर्षं मला न विचारणारे म्हणू लागले, आता तुम्ही खरे चित्रकार झालात. मग आधी काय मी झोपा काढत होतो?

पण कौतुकात माझं लक्ष नव्हतं, दाराकडे होतं. आई यायची होती. तिला मी एवढंच सांगितलं होतं की बाबांचं मोठं चित्र काढलंय. तिच्या नवऱ्याचे हाल मी असे चव्हाट्यावर मांडले होते. 'काढ ते,' असं ती म्हणाली असती तर मी तिथल्या तिथे उतरवलं असतं आणि पुन्हा घाट रंगवत बसलो असतो. ती तसं म्हणेल याची आणि मी ते ऐकेन याची, मला दोन्हींची धास्ती होती.

ती आली. ठेवणीतली साडी, हातात पिशवी, आणि पिशवीत झेंडूचा लांबलचक हार. बडा गणपतीच्या देवळापाशी रिक्षा थांबवून घेतलेला. घरातल्या बाबांच्या हसऱ्या फोटोला ती रोज हार घालते, तसा इथेही घालायला निघाली होती.

"फोटो कुठे आहे रे?"

मी बोट दाखवलं. अर्धा हार बाहेर काढून ती चित्राकडे बघतच राहिली.

"हे तुझे बाबा नाहीत," ती म्हणाली. "ते तो एकदम शांत गेले. मी हात पकडून बसले होते ना! चिल्लावत तर तू होतास, हॉस्पिटलच्या दारात. हा तू आहेस."

मी वर पाहिलं. ते तोंड माझंच होतं, आणि त्याची मला भीती वाटली.

तेवढ्यात आईला हातातला हार दिसला. तिने तो घाईघाईने पिशवीत कोंबला आणि पिशवीला गाठ मारली.

"जिंदा माणसाला नाही घालत," ती पुटपुटली आणि माझं मनगट घट्ट धरून मला दाराकडे ओढू लागली.