घरधन्याच्या नावाची चोवीस रूपं

साठी ओलांडल्यावर मी कॉलेजात गेले, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, जमलं का? जमलं. पण कशावर अडलं होतं ते कोणी विचारत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

शाळा माझी चौथीपर्यंत. चौथी पास झाले होते बरं, पण धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं. माझ्या सोबतच्या पोरी पाचवीच्या वर्गात जाऊन बसल्या आणि मी भावाला कडेवर घेऊन खिडकीतून पाहत होते. पुढचं जे वाचायला आलं ते किराण्याच्या पुड्यांवरून आणि अड्याळच्या बाजारातून सामानासोबत येणाऱ्या जुन्या पेपरांवरून. पुडी सोडली की आधी वाचायची, मग डाळ डब्यात.

नात बारावीत गेली तेव्हा तिनंच शोधून काढलं, की तालुक्याला रविवारचे वर्ग भरतात आणि चौथी शिकलेल्या माणसालाही एक परीक्षा देऊन त्यात बसता येतं. दिली परीक्षा. निघाली. घरधनी म्हणाले, "आता बुढी कॉलेजात जाते म्हणे! डब्बा कोण भरून देईन तिले?" आणि पहिल्या रविवारी पहाटे स्वतःच भात आणि वांग्याची भाजी भरून डबा माझ्या पिशवीत ठेवला. आदल्याच वर्षी नागपूरला ह्यांच्या छातीत दोन स्टेंट बसवल्या होत्या. जड काम मना, म्हणून अशी हलकी कामं ते हौसेनं करत.

पहिल्या वर्षी तीन विषय होते. संगणक, अर्थशास्त्र आणि संस्कृत. तिन्ही नुसते तोंडओळखीचे, पण तिन्हींत पास झालं तरच दुसऱ्या वर्षाला बसता येणार होतं. मला दुसऱ्या वर्षाला बसायचंच होतं. खिडकीतून पाहणं एकदा झालं होतं.

संगणकाची मला भीती वाटली होती, पण ते यंत्र गरीब निघालं. जे सांगाल ते ऐकतं, चुकलं तर पुन्हा विचारतं. सरांनी सांगितलं, पासवर्ड असा ठेवा की तुम्ही विसरणार नाही आणि दुसऱ्याला कळणार नाही. मी ह्यांचं नाव ठेवलं. नाव टाइप केलं की पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटतात, कोणालाच दिसत नाही. मला ते फार आवडलं.

अर्थशास्त्राच्या बाई सांगत, एखादी गोष्ट घेताना जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. साऱ्या पोरी वहीत उतरवून घेत होत्या. मी म्हटलं, "बाई, रोवण्यात असंच असते. दुसरीच्या बांधीत रोवायला गेलो की घरचे पऱ्हे जून होतात." रोवणं म्हणजे भातलावणी, बांधी म्हणजे बांध घातलेलं भातशेत, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. बाईंनी मला उभं करून ते पुन्हा सगळ्या वर्गाला सांगायला लावलं. त्या दिवशी मी एसटीत सुद्धा ताठ बसून आले.

अडलं ते संस्कृतात. तोंडी परीक्षेला सहा शब्दांतला एक चिठ्ठीवर येणार आणि त्याची सारी रूपं म्हणायची. आठ विभक्त्या, तीन वचनं, एका शब्दाची चोवीस रूपं. आणि पुस्तकातला पहिलाच शब्द म्हणजे आमच्या घरधन्याचं नाव!

आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझा त्यावर विश्वास आहे का? नाही. मग मी नाव घेते का? तेही नाही. लिहिते. रेशनकार्डाच्या अर्जावर लिहिलं, दवाखान्यात लिहिलं. पण तोंडानं नाही. मंगळागौरीला, लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आणि छातीत दोन स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत तर परीक्षा पाहायची नसतेच.

नात पुस्तक धरून माझं पाठांतर घ्यायची. मी शब्द गिळून नुसती पुढची अक्षरं म्हणायची.

"आजी, नुसत्या शेपट्या काय म्हणतेस? शब्द कुठाय?"

"शब्द तुझ्या आजोबाचा आहे."

खाटेवरून आवाज आला, "म्हण वो, म्हण. मी काही मरून नाही राहिलो."

"अभद्र बोलू नका."

"डॉक्टरनं गोळ्या देल्या, तेलकट बंद केलं. नावाचं काही पथ्य नाही सांगितलं मले."

नात पोट धरून हसली. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि बाकीचे पाच शब्द असे घोटले, की झोपेतही म्हटले असते. सहातल्या पाचांवर माझी सारी मदार.

परीक्षेच्या दिवशी मी चिठ्ठी उचलली. उघडली. तोच.

परीक्षक बाई तरुण होत्या, नव्या लग्नाच्या दिसत होत्या. "सांगा आजी," म्हणाल्या. मी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उघडली.

"पाठ नाही का?"

"पाठ आहे. तोंडातून निघत नाही."

"का बरं?"

"ते आमच्या घरी आहेत."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी तोंडावर हात धरला. हसू आवरून म्हणाल्या, "चिठ्ठी बदलता येत नाही हो आजी. मलाही वर उत्तर द्यावं लागतं." थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "उखाण्यात तर घेत असाल?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी पदर सारखा केला आणि म्हटलं:

"धानाच्या बांधीत पाणी काठोकाठ,
—रावांचं नाव घेते, केलं आहे पाठ."

दारात ताटकळलेल्या पोरींनी टाळ्या पिटल्या. बाईंनीही मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान. आता पुढं."

पुढं! उखाणा एक, रूपं चोवीस. उखाण्याच्या आडोशानं एकदाच निभलं होतं, बाकी सारं उघड्यावर. अर्थशास्त्राच्या बाईंचं बोलणं तेव्हा मला खरं उमगलं. दुसरं वर्ष घ्यायचं तर भीती सोडायची. पण ती भीती म्हणजे इतक्या वर्षांची ह्यांची काळजीच होती. भीती सोडली म्हणजे काळजी सोडली, असं होतं का? तेवढ्यात पाचवीच्या वर्गाची ती खिडकी आठवली. मी सुरुवात केली.

पहिली ओळ खाली मान घालून म्हटली. द्विवचनात हे दोन झाले, बहुवचनात पुष्कळ. एकाला सांभाळता सांभाळता जन्म गेला, इथं तर रांगच लागली. ह्यांना, ह्यांच्यासोबत, ह्यांच्यासाठी, ह्यांच्यापासून, ह्यांचं, ह्यांच्यात. माझंही आयुष्य साधारण याच क्रमानं गेलं म्हणायला हरकत नाही. सर्वांत शेवटी आलं हाक मारायचं रूप. शेतात, बाजाराच्या गर्दीत, नागपूरला ह्यांना ऑपरेशनसाठी आत नेताना सुद्धा मी "अहो" एवढंच म्हणाले होते. ते रूप म्हणताना आवाज मोठा निघाला.

बाहेर येऊन मी आधी फोन लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"काय वो, फोन वाजूनच राहिला!"

"कुठं होते तुम्ही?"

"बांधीचं पाणी पाहून राहिलो होतो. काहून, गाडी चुकली का?"

"छातीत बरं आहे ना?"

"बरं आहे. काय झालं ते सांगशील का?"

"घेतलं."

मग म्हणाले, "किती डाव?"

"चोवीस."

"अबाबा! अन् मी अजून उभाच आहो."

मी कॉलेजच्या पायरीवर बसून हसले, आणि डोळेही पुसले.

महिन्याभरानं निकाल लागला. तिन्ही विषय निघाले, दुसऱ्या वर्षाचा अर्ज मी माझ्या हातानं भरला. घरी मात्र माझं "अहो"च चालू होतं. एका दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी विचारलं, "ते हाक मारायचं रूप कसं आहे वो? म्हणून दाखव एकडाव."

"तुम्ही काय परीक्षा घ्यायला बसले का?"

"बसलो." आणि खरंच खाटेवरून उठून माझ्यासमोर पाटावर येऊन बसले, हात मांडीवर ठेवून, पहिलीतल्या पोरासारखे.

मी आधी उठून नात घरात नाही ना, ते पाहून घेतलं.