जुन्या फॉन्टातला प्रबंध

खरं सांगते, त्या आठवड्यात मला शिकवण्याचाच वीट आला होता. लातूरहून नांदेडला यायचं, एका कॉलेजात संशोधक विद्यार्थ्यांना आणि प्रयोगशाळेतल्या मंडळींना कॉम्प्युटर शिकवायचा, आणि पहिल्याच तासाला ऐकायचं, "मॅडम, सर्टिफिकेट कधी भेटंल?" अरे बाबांनो, आधी फाईल सेव्ह करायला तर शिका! निम्मी बॅच चहाला जायची ती परत यायचीच नाही.

एक बाई मात्र हलायची नाही. इस्लापूरकडची, लेकराबाळांची. मोहफुलं वेचणाऱ्या बायकांवर पीएचडी करत होती, उन्हातान्हात गावोगाव फिरून. प्रबंध हातानं लिहिला होता, टाइप केला होता गावातल्या डीटीपीवाल्यानं, त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये. तो आमच्या कॉम्प्युटरवर उघडला तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला.

"अगं बाई! माझं समदं गेलं का हो मॅडम?"

"गेलं नाही. फाईल युनिकोडमध्ये करावी लागेल. नाहीतर नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणार नाही."

"पण आमचे गाईड सर म्हणून राहिले, हाय तसंच टाका. मशीनला वाचता येत न्हाई, नक्कल शून्य टक्के येती."

ही युक्ती मला नवी नव्हती. खूप जण करतात. मी इतकी थकले होते की म्हटलं, टाका तसंच, सुटा एकदाच्या.

ती अडून बसली. "न्हाई मॅडम. एक ओळ कुणाची उचलली न्हाई मी. वाचू द्या की त्याला."

मनातल्या मनात मी कपाळावर हात मारून घेतला. फाईल बदलली तशी जोडाक्षरं जागोजागी तुटली. ती मूळ कागद वाचायची, मी दुरुस्त करायची. नंतर तीच एका बोटानं करू लागली. उरलेला आठवडा आमचा त्यातच गेला.

शेवटच्या दिवशी तिनं फाईल स्वतः अपलोड केली. रिपोर्ट आला आणि तिसरं प्रकरण अख्खं लाल! ते कशाशी जुळतंय म्हणून मी दुवा उघडला. एका मासिकातला लेख. बायकांचं बोलणं तेच, वाक्यं तीच, तिनं पायी फिरून गाठलेली गावंसुद्धा तीच. वर नाव तिच्या गाईडचं. तिचं नाव आभारातही नव्हतं.

"मी त्यांना वाचायला दिलतं," ती हळूच म्हणाली.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. 'तसंच टाका' म्हणे! ती रडेल असं मला वाटलं, पण ती पडद्याकडं बघत राहिली.

"मॅडम, प्रबंध जमा करताना सही कुणाची लागती?"

"गाईडची," मी म्हटलं.

ती पिशवी खांद्याला लावून उठली.

"काढा ह्या रिपोर्टची प्रिंट. सही घ्यायला जाताना संगं नेते."