साइटवरची एक ओळ

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, बाहेरचं काही, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अम्मीने गळ्यात ताईत बांधला तर मी तो खुंटीला अडकवून कामाला बसायचो. वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. कॉम्प्युटरला जेवढं सांगाल तेवढंच तो करतो, वर एक अक्षर नाही... असं मी समजत होतो.

मी वराळ्याचा. लोहगडवाडीत धोंडूभाऊ आणि त्यांची बायको हौसामावशी ट्रेकर लोकांना चुलीवरचं जेवण करून द्यायचे. त्यांची छोटीशी साइट मीच केली होती. भाऊंना टायपिंगचा भारी कंटाळा, म्हणून त्यांच्या मोबाइलवर एकच बटण दिलं. सकाळी चूल पेटली की ते बटण दाबायचे आणि साइटवर ओळ यायची — ‘आज चूल पेटली. जेवण मिळेल.’ नाही दाबलं तर ती जागा कोरी.

आता एक गोष्ट समजून घ्या. हे पेज आधी तयार करून कुठे ठेवलेलं नसतं. गिऱ्हाईक आल्यावर भजी तळावीत, तसं कुणी साइट उघडली की सर्व्हर माझ्या कोडवरून ते त्याच वेळी बनवतो. कोडमध्ये किंवा डेटाबेसमध्ये जे वाक्यच नाही, ते पेजवर येणार कुठून?

गेल्या पावसाळ्यात विसापूर किल्ल्याच्या बाजूला दोन ट्रेकर धुक्यात वाट चुकले. भाऊ त्यांना शोधायला गेले. ट्रेकर आपले आपण खाली आले, चहा पिऊन गाडीला लागलेसुद्धा! भाऊ आलेच नाहीत. गावाने दऱ्या पालथ्या घातल्या, दोर लावून माणसं खाली उतरली. माणूस नाही, चप्पल नाही, मोबाइल नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा मावशींचा दीर किसन त्यांना समजावत होता.

“वैनी, असं किती दिस चालायचं? कार्य उरकून टाकू.”

“कशाचं कार्य? आधी मानूस दाव मला,” मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या. “माजी चूल पेटती हाय. मयताच्या घरात चूल पेटती व्हय रं?”

आमच्यातही तेच. मय्यत झाली की त्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारचे आणतात. त्यामुळे मी मध्ये तोंड घातलं नाही. त्या रोज भाऊंच्या वाटणीची भाकरी करून झाकून ठेवत होत्या. निघताना मला म्हणाल्या, “अस्लम, त्यांनी कुटून बटन दाबलं तर तुला कळंल न्हवं?”

“कळेल, मावशी.”

“मंग तेवढं ध्यान ठिव बाबा.”

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी साइट उघडायचो. जागा कोरी. मग एका सकाळी ती कोरी नव्हती. तिथे लिहिलं होतं — ‘आज चूल पेटली नाही.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी हलकटाने साइटमध्ये घुसून चेष्टा केली, दुसरं काय! सगळा कोड चाळला. हे वाक्य कुठेच नाही. डेटाबेस बघितला, बटण शेवटचं दाबलं होतं ते भाऊ गेले त्या सकाळी. पासवर्ड बदलले. शेवटी टेम्प्लेटमधली, म्हणजे पेजच्या साच्यातली, ती जागाच काढून टाकली. पेज पुन्हा उघडलं... ओळ होती तिथेच होती.

मावशींना काही झालं की काय, म्हणून घाबरून किसनला फोन लावला. तो म्हणाला, “वैनी ह्या काय चुलीम्होरं. च्या उकळतोय.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी गाडी काढली आणि लोहगडवाडी गाठली. वाटेत ठरवत होतो, सांगायचंच नाही. पण दारात पाय ठेवला आणि मावशी उठून उभ्याच राहिल्या. “दाबलं का बटन?”

मला त्यांच्या तोंडावर खोटं बोलवेना. “बटण नाही दाबलं, मावशी. पण एक ओळ येतेय. मी नाही लिहिलेली.”

“वाच.”

वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. चूल समोर ढणढण पेटलेली, मोबाइल माझ्या हातात. मावशींनी हंड्यातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि चुलीत ओतलं. घरभर धूर झाला.

“किसन,” त्या म्हणाल्या, “भावकीला सांगून ये.”

दुपारी शेजारच्या बायका पिठलं-भात घेऊन आल्या. मावशींनी एक घास खाल्ला आणि तेव्हा कुठे त्या रडल्या. मीही भिंतीकडे तोंड करून रडलो.

दुसऱ्या दिवशी ती ओळ नव्हती. नंतर कधीच आली नाही. ओळखीच्या दोन डेव्हलपरांना कोड दाखवला, त्यांनी माझ्याच झोपेची चौकशी केली. भाऊंचा आजतागायत पत्ता नाही. ती ओळ कुणाची, मला अजून कळलेलं नाही.

साइट मी बंद केलेली नाही. मावशी किसनच्या फोनवरून अधूनमधून विचारतात, “काय आलंय का रं?”

“काही नाही, मावशी.”

“मंग आता ऱ्हाऊ दे,” म्हणतात. चार दिवसांनी पुन्हा फोन येतो.