उजेडात न उघडलेल्या पेट्या

ओडिलॉन फेर्स्टाउफ्टने गेंट शहरातल्या नाटकघरात छत्तीस वर्षं नटनट्यांचे कृष्णधवल फोटो काढले. त्याच्या फोटोत भालदारसुद्धा राजासारखा दिसायचा, त्यामुळे सगळी मंडळी त्याच्यावर जीव टाकायची. फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीने त्याच्या हातांना मात्र एक शिस्त लावली होती. फोटोच्या कागदाची पेटी उजेडात उघडायची नाही. एकदा उजेड लागला की कागद वाया. घरात कुणी अशा पेटीच्या झाकणाला हात लावला, तरी तो ताटावरून उठून यायचा.

बायको गोदलीव्ह त्याच रंगमंचावरची नटी. ती गेली आणि वर्ष भरायच्या आत त्याने घर विकून लहान जागा घ्यायचं ठरवलं. तळघरात कागदाच्या एकोणीस पेट्या निघाल्या. तीस वर्षांचा जुना, दमट, कुचकामी कागद. पण फोटोच्या कागदावरच्या लेपात चांदी असते, ती कुठे जात नाही. कालव्यापलीकडे एक कारखाना असा कागद जाळून, राख वितळवून चांदी काढायचा. ओडिलॉनने पेट्या तशाच बंद देऊन टाकल्या. आता कागदाला उजेड लागला तरी बिघडणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. हातांना कळत नव्हतं.

मंगळवारी सकाळी लेकीचा, राइनहिल्डाचा फोन आला. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला वाटायच्या कार्डावर तिला आईचा भूमिकेतला फोटो हवा होता.

"पप्पा, तुम्ही काढलेले आईच्या भूमिकांचे ते बारा फोटो बाजूला काढून ठेवा हं. आईने तुमच्या कागदाच्या एका रिकाम्या पेटीत ठेवलेत. म्हणायची, तुझे पप्पा या पेटीला दिवसाढवळ्या बोट लावायचे नाहीत, घरात याहून सुरक्षित जागा नाही."

मूळ फिल्मा तर नाटकघरात पाणी शिरलं तेव्हाच गेल्या होत्या. ओडिलॉन घरातल्या सपातांवरच ट्राममध्ये चढला.

कारखान्यात भट्टीवरचा कामगार वान्नेस पाव खात बसला होता. पेट्या पहाटेच आत गेल्याचं त्याने सांगितलं.

"मग बंद कर ना ती भट्टी."

"आजोबा, बंद केली तरी आतलं धुमसतच राहतं. आणि दार उघडलं की हवा मिळून भडकाच उडायचा. उद्या सकाळपर्यंत आपल्या हातात काही नाही."

निदान राख तरी दे, असं ओडिलॉन म्हणाला. वान्नेसने मान खाली घातली. त्याच भट्टीत इस्पितळाच्या एक्स-रे फिल्माही होत्या. कुठली राख कुणाची, सांगणार कोण? त्याने खुर्ची पुढे सरकवली, आपल्या थर्मासातली कॉफी ओतून दिली.

"काय होतं हो त्यांत? सांगा तरी."

ओडिलॉन बसला नाही. उभा राहून एकेक भूमिका सांगू लागला. वेडी राणी. कमरेवर हात ठेवणारी कोळीण, तिच्या एंट्रीला वरच्या गॅलरीतून शिट्ट्या पडायच्या. तुरुंगाच्या दाराशी बसलेली आई. वान्नेस पाव चावायचा थांबला होता. मग आली शेवटच्या अंकातली नवरी, पायघोळ झगा घातलेली.

"कुठल्या रंगाचा?" वान्नेसने विचारलं.

ओडिलॉनने तोंड उघडलं. चाळीस प्रयोग त्याने विंगेत उभं राहून पाहिले होते. निळा म्हणावं, की हिरवा? त्याने डोळे मिटले, पुन्हा मिटले. समोर येत होता तो त्याने स्वतः काढलेला फोटो, आणि त्यात झगा करडा होता.