आधी घर तापवावं लागतं

विकाऊ घरं तपासणाऱ्या त्या बाईंना सगळे ‘कॅमेरावाल्या बाई’ म्हणत. दलाल मंडळी पाठीमागे आणखी काहीबाही म्हणत. म्हणोत बापडे. रंगाचा ताजा हात मारून झाकलेली ओल बाईंच्या कॅमेऱ्याला दिसायची आणि ठरत आलेला सौदा फिसकटायचा. मग दलाल काय त्यांचे गोडवे गाणार होते?

कॅमेराही साधासुधा नव्हे. त्याला उष्णता दिसते. उबदार असेल ते पिवळं, गार असेल ते निळं. पण त्याचे नखरे फार. बाहेर थंडी आणि आत घर चांगलं तापलेलं, असं असलं तरच तो काही दाखवणार. बंद, गार पडलेल्या घरात त्याला सगळं एकाच रंगाचं दिसतं, मग भिंत आतून चिंब का असेना. शिवाय खिडकीच्या काचेसमोर उभं राहिलं, की तपासणाऱ्याच्याच अंगाची ऊब काचेत पिवळी होऊन उमटते. नवखे हटकून फसतात. बाई मात्र काच आली की आपसूक बाजूला सरकायच्या.

नवरा गेल्यावर हा धंदा त्यांनी एकटीनं रेटला. दिवस लोकांच्या घरांत बरा जायचा. आपल्या घरी आल्या की टीव्ही मोठ्यानं लावायच्या आणि बघायच्या नाहीत. लेक दूरच्या शहरात. तिचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, जेवले, तब्येत बरी ना, बरी आहे, एवढ्यावर गाडी थांबायची. घर खायला उठतं, हे लेकीला सांगणं त्यांच्या जिवावर यायचं.

आणि एका रविवारी लेकच म्हणाली, “आई, तुझ्या मागच्या गल्लीतलं ते मोठ्या खिडक्यांचं घर विकायला निघालंय. आम्ही घ्यावं म्हणतोय. कंटाळलो गं इथं. मागची खोली पिल्लूला देऊ. तू एकदा बघून ये. तू म्हणशील ती पूर्व दिशा.”

पिल्लू म्हणजे नातू. त्याला दमा होता. बाईंनी फोन ठेवला आणि उगीचच सगळं घर झाडून काढलं.

दलालानं किल्ली हातात दिली. “बाई, आता घरचंच काम आहे. फार उकरत बसू नका,” असं हसत म्हणाला आणि गेला.

घर कधीपासून बंद होतं. आत बाहेरच्याइतकाच गारठा. बाईंनी कॅमेरा फिरवला, सगळ्या भिंती एकाच रंगाच्या. मागची खोलीसुद्धा. ‘कॅमेऱ्यात काही आढळलं नाही’ असं लिहिलं असतं, तर त्यात एक अक्षर खोटं नसतं. लेक महिन्याभरात मागच्या गल्लीत राहायला आली असती. पिशवी खांद्याला लावून बाई पार दारापर्यंत गेल्या.

मग स्वतःवरच चिडून परत फिरल्या आणि सगळ्या खोल्यांतले हीटर लावले.

घर तापायला वेळ लागतो. कोट अंगावर तसाच ठेवून बाई मागच्या खोलीत जमिनीवर बसल्या. नाही नाही म्हणताना त्यांनी मनातल्या मनात तिथं पलंग लावला, टेबल लावलं. पिल्लू शाळेतून आधी आजीकडेच येईल. त्याच्यासाठी एक छोटा कप घ्यायला हवा, घरात सगळे मोठेच आहेत.

खोली उबदार झाली तेव्हा त्या उठल्या. खिडकीखाली जमिनीपासून वर चढत गेलेला निळा डाग होता. त्यांनी ओल मोजायच्या यंत्राच्या सुया भिंतीत टोचल्या. आकडा भरभर चढला. थोडं सरकून पुन्हा टोचल्या, मग आणखी सरकून. कुठं तरी कोरडं लागेल, एवढीच वेडी आशा. कुठंच लागलं नाही. “जाऊ दे,” बाई त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाल्या, घाईघाईनं फोटो काढले आणि लेकीला पाठवून दिले.

संध्याकाळी फोन आला. “बरं झालं गं, तू होतीस. त्याच खोलीत झोपवला असता मी त्याला.”

“मी बघते ना इथंच दुसरं एखादं.”

“आई, इथं ह्यांच्या ऑफिसजवळ एक मिळतंय. तेच घेऊन टाकावं म्हणतोय आता. सारखी धरसोड नको वाटते.”

“घ्या. पण आधी तपासून घ्या,” बाई म्हणाल्या.

“हो गं. आणि ऐक, त्या शेवटच्या फोटोत खिडकीपाशी कोण उभं आहे? मदतीला कुणी ठेवलंस की काय? बोलली नाहीस ती. मला इतकं बरं वाटलं बघून. तू अशी रिकाम्या घरांतून एकटी हिंडतेस, जीव लागून राहतो माझा.”

बाईंनी फोटो उघडला. खाली निळी भिंत, आणि वर काचेत एक पिवळं माणूस, जरासं वाकलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या बाजूला सरकायला विसरल्या होत्या.

“आई? ऐकतेस ना? कोण आहे?”

“आहे एकजण,” बाई म्हणाल्या. “असते हल्ली सोबतीला. तू नको काळजी करूस.”