उभ्याचा ‘मना’

शिंदखेड्याहून धुळ्याला येणारी एसटी अर्धी रिकामी असली तरी उभ्या उभाच असायचा. वरच्या दांड्याला हात, टाचा सारख्या खालीवर. कंडक्टर वैतागून म्हणायचा, “अरे, बस की बाबा!” त्यावर हा म्हणे, “बसनं की गुडघा उडी इसरी जास, नाना.” त्याचं खरं नाव हजेरीपटातच राहिलं, कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात तो उभ्याच झाला. मेसमध्येसुद्धा ताट हातात घेऊन फेऱ्या मारत जेवायचा. त्याच्याकडे बघून मलाच दम लागायचा.

मी यावलचा, केळीवाल्यांच्या घरातला. आमच्याकडची बोली वेगळी, त्याची अहिराणी वेगळी. पहिल्याच सरावात आम्हा दोघांच्या मधोमध बॉल आला आणि हा ओरडला, “मना!” मला वाटलं, ‘मला नको, तू घे’ म्हणतोय, मना करतोय. म्हणून मी धावलो. तोही धावला. कपाळावर कपाळ आपटलं. टेंगूळ चोळत तो हसत सुटला, “आरे येडा, मना म्हंजे माझा!”

पुढे तीन वर्षं मी सेटर होतो. बॉल मी उंच द्यायचा आणि उभ्यानं जाळ्यावरून हाणायचा. “वर फेक रे, मी तठे जास,” म्हणायचा आणि खरोखर जायचा. मैदानात आलेला प्रत्येक बॉल त्याला स्वतःचाच वाटे, माझ्या वाट्याचासुद्धा. त्यावरून आमची कितीदा जुंपली, सांगता येणार नाही.

मग दक्षिणेतल्या एका व्यावसायिक संघानं त्याला एका हंगामासाठी घेतलं. पहिल्या सहा जणांत टिकला तर पुढचा करार, नाहीतर घरी. आमच्या सरांनी मला बजावलं, “तिकडे देशभरातली मुलं असतात. याला ‘मेरा’ म्हणायला शिकव.” चार दिवस मी शिकवलं. एरवी तो शहाण्यासारखा ‘मेरा’ म्हणायचा. बॉल हवेत गेला की ‘मना’. पाचव्या दिवशी मी कंटाळलो. म्हटलं, “जाऊ दे रे. एवढा मोठा आवाज आहे, कळेल त्यांना.” स्वतःच्या कपाळावरचं टेंगूळ मी साफ विसरलो होतो.

सहा सामने तो खेळला. आम्ही एकाच मोबाइलभोवती घोळका करून बघायचो. सातव्या सामन्यात बॉल त्याच्या आणि एका पंजाबी खेळाडूच्या मध्ये आला. गोंगाटात काही ऐकू आलं नाही, पण उभ्याच्या ओठांवरून मला कळलं, ‘मना!’ दोघंही झेपावले. त्या पोराचा खांदा उभ्याच्या गुडघ्यावर बसला आणि उभ्या खाली पडला, तो उठलाच नाही.

दवाखान्यातून त्याचा फोन आला. “त्यानी काही चूक नही रे,” म्हणाला. “तुले वाटनं तसंच त्याले वाटनं.” आणि हसला. त्या हसण्यानं मला जास्त लागलं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, करार गेला. दोन वर्षं मी त्याला भेटलो नाही. जळगावात नोकरी लागली होती, सवड नाही, अशी कारणं मी स्वतःलाच देत राहिलो. खरं म्हणजे तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

शेवटी परवा गेलो. शिंदखेड्यातल्या एका शाळेच्या मैदानावर तो मुलींना शिकवत होता, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. बसलेला उभ्या मी पहिल्यांदाच पाहिला. एक टाच तेवढी अजून खालीवर चालली होती. मी म्हटलं, “माझं चुकलं रे. शिकवणं मी सोडायला नको होतं.”

तो मैदानाकडेच बघत होता. मुली घसा फोडून ‘मेरा! मेरा!’ ओरडत होत्या.

“आयकी राहयना ना?” तो म्हणाला. “पहिला दिन हाऊच शब्द शिकाडस.”

तेवढ्यात कुणाचातरी बॉल चुकून आमच्याकडे आला, नेमका दोघांच्या मधोमध. मी सवयीनं मागे सरलो. त्याचे दोन्ही हात वर गेले, खुर्ची करकरली. मग हात खाली घेत तो ओरडला, “तुना!”

तुझा. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ऑफिसच्या बुटांनिशी मी धावलो, पण डोळे भरून आले होते. बॉल मला दिसलाच नाही.