यजमानांचा कप

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. विचारावं असं त्याच्यात काही नव्हतं. महायुद्ध संपल्यावर आमचा साताऱ्याचा फुटबॉल संघ माधवनगरला गेला, तेव्हा सामन्याआधीच्या पंगतीत यजमानांकडून तो वाढायला होता. अंगात इजिप्तला जाऊन आलेल्या पलटणीतली खाकी, मिशीला पीळ, हातात श्रीखंडाचं पातेलं. नको म्हणून पानावर हात आडवा धरला, तर हा बोटांवरच वाढायचा.

"मिसरात देशोदेशीच्या पलटणी खेळायच्या," तो ऐटीत म्हणाला. "गोऱ्यांनी बोलवायचं, आमाला पोटभर चारायचं, आन् कप सोताच ठेवून घ्यायचा. यजमानानं हरायचं नसतं, गड्या!"

पाहुण्यांची पोटं जड करून जिंकायचं, एवढीच याची युद्धविद्या! पण पाहुण्याला एकट्याला जेवायला बसवणं आपल्याकडं बरं दिसत नाही. त्याच्या संघाचे सगळे खेळाडू आमच्याच पंगतीला बसले आणि आग्रह करता करता आमच्याइतकंच जेवले. दुपारी मैदानावर दोन्ही संघ म्हशींसारखे चरत होते. धावत होता तो फक्त पंच. गोल एकही झाला नाही.

मी मुद्दाम खिजवलं, "काय हो, मिसरातली युक्ती इथं का नाही चालली?"

मिशी चाचपत तो म्हणाला, "आवं, मिसरात गोरं आमच्या पंगतीला कवा बसलंच न्हाईत."